वाचक विचारतात : वेल्समध्ये केअर कोलमडली, जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न : कार्डिफच्या उत्तरेला खोऱ्यांत राहतो. विचारानं डावा, 1999 मध्ये असेंब्ली आली तेव्हापासून प्रत्येक वेळी लेबरलाच मत दिलं. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. कौन्सिलनं सकाळची अर्ध्या तासाची केअर मंजूर केली, पण केअरर दहा-बारा मिनिटांत निघून जाते. कार्डिफलाही लेबर आलं, लंडनलाही लेबर आलं, तरी हे हाल. चूक कोणाची म्हणायची? की सगळेच सारखे?

उत्तर : सगळेच सारखे म्हटलं की सगळेच सुटतात. म्हणून आधी वाटण्या पाहू.

सासूबाईंची गरज ठरवणं, केअर लावून देणं आणि त्याचे पैसे आकारणं हे काम 22 कौन्सिलांचं. ते ज्या कायद्यानं चालतं तो सेनेदचा (वेल्सची संसद, म्हणजे पूर्वीची असेंब्ली) : 2014 चा सोशल सर्व्हिसेस अँड वेल-बीइंग कायदा, एप्रिल 2016 पासून लागू. हॉस्पिटलं आणि डिस्ट्रिक्ट नर्स 7 हेल्थ बोर्डांकडे, म्हणजे पुन्हा वेल्श सरकारच्याच अखत्यारीत. अटेन्डन्स अलाउन्स आणि पिप (आजार-अपंगत्वाचे भत्ते), केअरर्स अलाउन्स (घरच्यांची काळजी घेणाऱ्याचा भत्ता), नॅशनल इन्शुरन्स आणि व्हिसा मात्र लंडनच्या हातात.

लंडनच्या खात्यावर अलीकडचं बरंच काही टाकता येतं. एप्रिल 2025 पासून मालकांचा नॅशनल इन्शुरन्स 13.8 वरून 15 टक्के झाला आणि तो जिथून सुरू होतो ती पगाराची मर्यादा 9,100 वरून 5,000 पौंडांवर आली. कमी तासांच्या, कमी पगाराच्या माणसांवर चालणाऱ्या केअर कंपन्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसला, आणि सरकारी खात्यांना मिळाली तशी भरपाई खासगी कंपन्यांना मिळाली नाही. त्यात 22 जुलै 2025 पासून परदेशातून नवे केअरर आणणं बंद. भारत, नायजेरिया, झिंबाब्वेतून आलेल्या माणसांवर ज्यांच्या ड्युट्या भरत होत्या, त्यांची पंचाईत झाली.

पण कार्डिफचे हात बांधलेले आहेत हे पूर्ण खरं नाही. एप्रिल 2019 पासून इन्कम टॅक्सच्या प्रत्येक टप्प्यात पौंडामागचे 10 पेन्स सेनेद ठरवते. तेव्हापासून दर इंग्लंडइतकेच ठेवले गेले. 2018 मध्ये अर्थतज्ज्ञ जेराल्ड होल्टम यांनी खास वृद्धांच्या केअरसाठी वेगळा कर सुचवला होता. त्यावर मंत्र्यांच्या बैठका झाल्या, कर काही आला नाही. लंडनकडे बोट दाखवताना हा भाग हमखास गाळला जातो. तुमचा खरा राग इथे असायला हवा, असं आमचं मत. वेल्समधला कायदा डाव्या मनानं लिहिलेला आहे. तिजोरी उघडायची वेळ आली की ते मन कुठे जातं कोण जाणे.

आता त्या दहा मिनिटांचं. अर्ध्या तासात उठवणं, टॉयलेट, अंग पुसणं किंवा शॉवर, कपडे, गोळ्या आणि नाश्ता एवढं बसवायचं म्हणजे आधीच तारेवरची कसरत. वेळ कापला जातो त्याचं नेहमीचं कारण म्हणजे रोटा, म्हणजे केअररच्या भेटींचं वेळापत्रक : दोन घरांमध्ये प्रवासाला वेळच धरलेला नसतो, मग तो वेळ सासूबाईंच्या वाट्यातून जातो. वेल्सच्या नियमांनुसार रोटावर केअरचा वेळ आणि प्रवासाचा वेळ वेगवेगळा दाखवावा लागतो, आणि 30 मिनिटांपेक्षा छोटी भेट ठराविक अटींतच चालते. केअररवर चिडून उपयोग नाही, तिला तो रोटा वरून आलेला असतो.

हे करा. कौन्सिलकडून केअर अँड सपोर्ट प्लॅनची प्रत मागून घ्या. त्यात भेटीची वेळ आणि कामं लिहिलेली असतात. दोन आठवडे येण्या-जाण्याची वेळ घड्याळ पाहून टिपा आणि शेजारी राहिलेलं काम लिहा (‘केस विंचरले नाहीत’ नको, ‘पॅड बदललं नाही, गोळी दिली नाही’ असं). घरातल्या फाइलमधल्या किंवा ॲपवरच्या नोंदीशी ते ताडून पाहा. तिथे 30 मिनिटं आणि तुमच्याकडे 11 असतील, तर भेटीच्या हिशोबानं लावलेलं बिलही चुकीचं आहे. ही टिपणं आधी कंपनीच्या मॅनेजरला आणि त्याच दिवशी सोशल वर्करला पाठवा. फरक पडला नाही तर कौन्सिलकडे लेखी तक्रार करा. पहिल्या टप्प्यात 10 कामाच्या दिवसांत त्यांनी तुमच्याशी बोलणं अपेक्षित आहे. दुसऱ्या टप्प्यात बाहेरचा स्वतंत्र तपासनीस येतो आणि त्याला 25 कामाचे दिवस असतात. तिथेही समाधान झालं नाही तर पब्लिक सर्व्हिसेस ओम्बड्समन, म्हणजे सरकारी सेवांवरच्या तक्रारी पाहणारा स्वतंत्र अधिकारी. केअर इन्स्पेक्टोरेट वेल्सलाही कळवा. ते तुमचं भांडण सोडवत नाहीत, पण एकाच कंपनीबद्दल पाच पत्रं आली की तपासणीला जाताना ती पत्रं त्यांच्या हातात असतात. तक्रार लिहायला मदत हवी तर ‘ल्हाइस’ ही संस्था विनामूल्य करते.

आणि घरात सासूबाईंचं करणारं जे कोणी असेल, त्यांच्या स्वतःच्या गरजांची तपासणी मागा. घरच्या केअररच्या गरजांची तपासणी हा त्याच कायद्यातला वेगळा हक्क आहे. तो मागितल्याशिवाय क्वचितच कोणी आपण होऊन देतं.

प्रश्न : घरच्या केअरचे आठवड्याला किती पैसे लागतात? आणि केअर होमची वेळ आलीच तर घर विकावं लागतं का? वडिलांनी घर आत्ताच मुलाच्या नावावर केलं तर?

उत्तर : घरी येणाऱ्या केअरला वेल्समध्ये कमाल आकार आहे. 2020 मध्ये तो आठवड्याला 100 पौंड ठरला. दिवसातून चार भेटी असल्या तरी कौन्सिल त्यावर घेऊ शकत नाही. 24,000 पौंडांपेक्षा जास्त शिल्लक असलेल्यालाही हीच मर्यादा, आणि राहतं घर या हिशोबात धरलं जात नाही. शिल्लक त्यापेक्षा कमी असेल तर आकार उत्पन्नावर ठरतो : मूळ सरकारी भत्त्याची पातळी, त्यावर 35 टक्के, आणि अपंगत्वामुळे होणाऱ्या खर्चासाठी आणखी 10 टक्के इतकी रक्कम त्या व्यक्तीच्या हातात राहिलीच पाहिजे. हॉस्पिटलमधून आल्यावर पुन्हा हिंडतं-फिरतं करण्यासाठी दिलेली केअर सहा आठवड्यांपर्यंत मोफत असते. गडबड होते ती फॉर्मवर. आर्थिक माहितीचा फॉर्म 15 कामाच्या दिवसांत परत गेला नाही की थेट कमाल आकार लागू शकतो. कागद जमत नसतील तर मुदत वाढवून मागा, गप्प बसू नका.

केअर होमचा हिशोब वेगळा. तिथे मर्यादा 50,000 पौंड (इंग्लंडमध्ये 23,250) आणि तिथे घर धरलं जातं. पहिले 12 आठवडे धरत नाहीत. घरात पती, पत्नी, जोडीदार किंवा साठीपुढचा नातेवाईक राहत असेल तर मुळीच धरत नाहीत. लगेच विकायचं नसेल तर डिफर्ड पेमेंटचा करार मागता येतो. कौन्सिल पैसे भरते आणि घरावर बोजा चढवते.

मुलाच्या नावावर घर करण्याचा सल्ला आपल्या मंडळींत सर्रास फिरतो. फी टाळण्यासाठी मालमत्ता काढून दिली असं कौन्सिलला वाटलं, तर ती अजून वडिलांचीच आहे असं धरून हिशोब होतो. ‘सात वर्षं झाली की सुटलो’ हा नियम वारसा कराचा आहे, केअरचा नव्हे. इथे वर्षांची मर्यादा नाही. देताना हेतू काय होता आणि केअरची गरज दिसत होती का, एवढंच पाहतात.

घर विकायच्या आधी एक गोष्ट मात्र कराच. मुख्य गरज वैद्यकीय असेल तर एनएचएसचं कंटिन्यूइंग हेल्थकेअर मिळतं, त्यात उत्पन्न पाहत नाहीत आणि सगळा खर्च हेल्थ बोर्ड करतं. त्यासाठीची तपासणी लेखी मागा, आणि हॉस्पिटलमधून डिस्चार्ज व्हायच्या आत मागा.

प्रश्न : लेबर आणि प्लाइड कमरी (वेल्सचा राष्ट्रवादी पक्ष) मिळून राष्ट्रीय केअर सेवा आणणार होते. तिचं काय झालं?

उत्तर : नोव्हेंबर 2021 च्या सहकार्य करारात ती होती. तज्ज्ञांच्या गटाचा अहवाल 2022 मध्ये आला, पहिला आराखडा डिसेंबर 2023 मध्ये, आणि एप्रिल 2024 मध्ये एक राष्ट्रीय कार्यालय उघडलं. पुढच्याच महिन्यात प्लाइडनं करार मोडला. कार्यालय राहिलं, सर्वांना मोफत केअर दूरच्या टप्प्यात ढकलली गेली. ठोस काम झालं ते मुलांच्या बाबतीत : 2025 च्या कायद्यानं कौन्सिलच्या देखभालीतल्या मुलांच्या केअरमधून नफा काढून टाकायला सुरुवात झाली, आणि 1 एप्रिल 2026 पासून नफ्यासाठी चालणाऱ्या नव्या संस्थांची नोंदणी बंद. वृद्धांच्या केअरला हे लागू नाही.

प्रश्न : लेबरला द्यायचं मन नाही, छोट्या डाव्या पक्षाला दिलं तर मत फुकट जातं, आणि रिफॉर्म हा उजवा पक्ष येऊ नये असंही वाटतं. काय करावं?

उत्तर : कोणाला द्यावं हे आम्ही सांगणार नाही, गणित सांगतो. ऑक्टोबर 2025 च्या केरफिली पोटनिवडणुकीत प्लाइडला 47 टक्के, रिफॉर्मला 36 आणि तिथे 1999 पासून निवडून येणाऱ्या लेबरला 11 टक्के मतं पडली. एकच जागा होती, म्हणून रिफॉर्म नको असलेले बरेच मतदार एका पक्षामागे गोळा झाले. 7 मे 2026 च्या निवडणुकीपासून सेनेदला 96 जागा आहेत, 16 मतदारसंघ आणि प्रत्येकात 6. तिथे केरफिलीची युक्ती तशीच चालत नाही.

मत पक्षाच्या यादीला जातं, माणूस निवडता येत नाही (हे आम्हाला खटकतं). डी’होंट पद्धतीत पक्षाच्या मतांना जिंकलेल्या जागा अधिक एक यानं भागतात आणि सर्वांत मोठ्या आकड्याला पुढची जागा देतात. समजा क ला 36 हजार, ख ला 30, ग ला 16, घ ला 10 आणि च ला 8 हजार मतं आहेत. जागा अशा जातात : क (36), ख (30), क (18), ग (16), ख (15), क (12). क ला 3, ख ला 2, ग ला 1. घ दोन हजारांनी हुकला. च ची तीन हजार मतं घ कडे गेली असती तर सहावी जागा क कडून निसटली असती. म्हणजे 12 टक्क्यांच्या आसपासच्या पक्षाला दिलेलं मत फुकट नाही. 4-5 टक्क्यांवर अडकलेल्याला दिलेलं बहुतेक वेळा जातं. राष्ट्रीय सर्व्हेचे आकडे इथे कमी कामाचे, आपल्या मतदारसंघात सहाव्या जागेसाठी कोण भांडतंय ते पाहा.

प्रश्न : भारतीय पासपोर्ट आहे, स्किल्ड वर्कर व्हिसा. मत देता येतं?

उत्तर : येतं. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून कौन्सिल, सेनेद आणि वेस्टमिन्स्टर, तिन्हींना. सेनेद आणि कौन्सिलला वयाची अट 16 वर्षांची. नोंदणी ऑनलाइन पाच मिनिटांत होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा. मुदत मतदानाच्या 12 कामाचे दिवस आधी संपते. सेनेदला फोटो ओळखपत्र लागत नाही, वेस्टमिन्स्टरला लागतं आणि भारतीय पासपोर्ट चालतो.