फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिन कोणी आणलं, आणि नंतर त्यावर बंदी का आली?

रेनॉ या फ्रेंच कार कंपनीने, 1977 साली ब्रिटनमधल्या सिल्व्हरस्टोन ट्रॅकवर. 1966 पासूनच नियम असा होता की साधं इंजिन 3 लिटरचं चालेल, पण टर्बोसारखं हवा दाबून भरणारं असेल तर फक्त 1.5 लिटरचं. निम्म्या आकारात कोण हात घालणार म्हणून बाकीचे गप्प बसले. रेनॉची गाडी सुरुवातीला इतक्या वेळा धूर सोडत थांबायची की तिला ‘पिवळी किटली’ म्हणत!

टर्बोचं पातं फिरतं ते सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर. त्यामुळे पाय दाबला तरी ताकद क्षणभर उशिरा यायची, आणि वळणातून बाहेर पडताना तीच मोठी डोकेदुखी. उंचावरच्या विरळ हवेत मात्र, टर्बो हवा दाबून भरत असल्याने, फायदा: 1979 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या उंचावरच्या कायलामीला रेनॉचा ड्रायव्हर जाबुईने पोल (शर्यत सुरू होताना सर्वात पुढची जागा) घेतली, आणि त्याच वर्षी फ्रान्समधल्या दिजाँला पहिला विजय. 1983 मध्ये ड्रायव्हर पिकेने बीएमडब्ल्यू टर्बोवर विश्वविजेतेपद मिळवलं. त्या इंजिनाचा ब्लॉक (मुख्य सांगाडा) मूळचा रस्त्यावरच्या गाडीचा, हे मला अजूनही भन्नाट वाटतं.

पुढे ताकद आणि खर्च दोन्ही हाताबाहेर गेले. 1988 मध्ये टर्बोने हवा भरायच्या दाबाची मर्यादा 2.5 बारवर (बार हे दाबाचं माप) आणली, तरी मॅक्लारेन संघाने होंडाच्या टर्बो इंजिनावर 16 पैकी 15 शर्यती मारल्या. 1989 पासून टर्बो बंद. परतला तो थेट 2014 मध्ये, हायब्रिडच्या जोडीने.