डॉक्सचं सर्च : क्रॉलर सोडायच्या आधी एक पान उघडून बघ

भो, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं : धुळ्यात अडत्यांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी लागलास, मदतीची पानं (डॉक्स) डॉक्युसॉरसवर, म्हणजे डॉक्सची साइट बनवायच्या टूलवर आहेत, मूळ १४० पानं, मराठी आणि इंग्रजी, तीन व्हर्जन. त्यावर टाइपसेन्स या सर्च इंजिनचा डॉकसर्च स्क्रेपर, म्हणजे पानं फिरून सर्चसाठी रेकॉर्ड बनवणारा क्रॉलर, चालवला तर २० हजारांवर रेकॉर्ड झाले, एकच उत्तर पाच-सहा वेळा दिसतं, वरती "मागील पान" आणि "पुढील पान" येतं, आणि मालक म्हणतो 'पट्टी' (विक्रीच्या हिशोबाचा कागद) शोधलं तर काहीच येत नाही. आता तू विचारतोयस की हा क्रॉलर बदलून दुसरा घेऊ का.

नको घेऊ. क्रॉलर बिचारा सांगितलं तेवढंच करतोय. आधी हा २० हजारांचा आकडा कुठून आला ते बघ, कागदावर मांडला की लगेच कळतं. १४० पानं गुणिले तीन व्हर्जन म्हणजे ४२०, दोन भाषा म्हणजे ८४०, आणि माझा अंदाज आहे की तुझ्या साइटवर प्रत्येक पान शेवटी तिरकी रेघ असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पत्त्यांवर उघडतं, म्हणजे १६८०. एका पानातून शीर्षकं, परिच्छेद, बुलेट मिळून सरासरी १२ रेकॉर्ड धर, झाले २० हजार १६०. म्हणजे इंजिन बरोबरच मोजतंय, आपण त्याच्यापुढं एकच पोतं सहा-सहा वेळा काट्यावर ठेवलंय.

सगळी साइट पुन्हा चालवू नकोस. एकच पान घे, ज्यात टेबल, कोड, सूचना सगळं आहे असं, आणि ब्राउजरमधे व्ह्यू सोर्स करून बघ. मजकूर सोर्समधे दिसतोय ना? डॉक्युसॉरस पानं आधीच तयार करून ठेवतं त्यामुळं दिसणारच, मग जावास्क्रिप्ट रेंडरिंगचा ऑप्शन चालू ठेवायची गरजच नाही, तो चालू असला की प्रत्येक पानासाठी मागं पूर्ण ब्राउजर उघडतो आणि दहा मिनिटांचं काम तासावर जातं. (मे महिन्यात आमच्या भुसावळात अशा वेळी लॅपटॉपच्या पाठीवर वांगं ठेवलं तर भरिताला भाजून निघेल.) मग स्टार्ट यूआरएलमधे तेवढं एकच पान टाक, चालव, आणि जे रेकॉर्ड बनले ते डोळ्यानं वाच. बारा-पंधराच असतील, चहा संपायच्या आत होतात. हे बहुतेक जण करतच नाहीत आणि मग आठवडाभर रँकिंगची सेटिंग खालीवर करत बसतात.

सिलेक्टर म्हणजे पानातला कुठला भाग उचलायचा ते सांगणारी ओळ, लॉजिक सोपं आहे. लेव्हल शून्य म्हणजे साइडबारमधला विभाग, लेव्हल एक म्हणजे एच-वन, मग एच-टू, एच-थ्री असं खाली, आणि टेक्स्ट म्हणजे परिच्छेद आणि लिस्टमधल्या ओळी. प्रत्येक रेकॉर्ड आपल्या वरची सगळी शीर्षकं सोबत घेऊन येतो, म्हणून तर रिझल्टमधे "खरेदी, मग काटा पावती, मग दुरुस्ती" अशी वाट दिसते. तुझी चूक इथंय की टेक्स्टचा सिलेक्टर तू नुसता परिच्छेद आणि लिस्ट असा दिलाय, पान कुठलंही असो, त्यात साइडबार पण आला, फूटर पण आला, सगळंच आलं. त्याच्या आधी आर्टिकल टॅग लाव, म्हणजे आर्टिकलच्या आतलेच परिच्छेद. आणि सिलेक्टर्स एक्सक्लूडमधे मागील-पुढीलच्या लिंका, ब्रेडक्रम्ब (पानाची वाट दाखवणारी वरची ओळ), "हे पान सुधारा"ची लिंक आणि शीर्षकाला चिकटलेली हॅश-लिंक टाक. या हॅश-लिंकच्या आत एक झीरो-विड्थ स्पेस असतो, डोळ्याला दिसत नाही पण शीर्षकाच्या शेवटी रेकॉर्डमधे जाऊन बसतो. मी यावर एक अख्खी दुपार घालवलीये, दोन शब्द दिसायला तंतोतंत सारखे आणि कम्पॅरिझन मात्र फॉल्स.

कोड ब्लॉक लोक सरसकट गाळतात, तू तसं करू नको. अडत्याचा मुनीम "डेटाबेस कनेक्शन" असं कधी शोधणार नाही, तो स्क्रीनवर आलेला एरर नंबर जसाच्या तसा मारतो, आणि तो नंबर तुमच्या डॉक्समधे बहुतेक कोड ब्लॉकमधेच असेल.

व्हर्जनचं म्हणशील तर तीनपैकी एक 'नेक्स्ट' असणार, अजून बाजारात न आलेलं, ते स्टॉप यूआरएलमधे, म्हणजे क्रॉलरनं न जायच्या पत्त्यांच्या यादीत, टाकून मोकळा हो. तिथं साधा पत्ता चालतो असं समजू नको, रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांतून लिहिलेला नमुना) असतं ते, म्हणून टिंब आणि प्रश्नचिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नको. जुनं व्हर्जन कुणी वापरत असेल तर राहू दे पण फॅसेट (रिझल्ट गाळायची खूण) लावून. डॉक्युसॉरस प्रत्येक पानात भाषा आणि व्हर्जनचे मेटा टॅग स्वतःच टाकतं, स्क्रेपर ते रेकॉर्डमधे उचलतो, आणि थीममधे कॉन्टेक्स्च्युअल सर्च चालू असेल तर माणूस ज्या भाषेत, ज्या व्हर्जनमधे बसलाय तेवढंच दिसतं. एक लक्षात ठेव, हे चालू केल्यावर अचानक शून्य रिझल्ट यायला लागले तर घाबरून बंद करू नको, रेकॉर्डमधे ते फॅसेट पोचलेत का ते आधी बघ, दहापैकी नऊ वेळा तिथंच घोडं अडलेलं असतं. आणि तिरक्या रेघेचं भांडण कॉन्फिगमधल्या ट्रेलिंग स्लॅशनं मिटव, हो किंवा नाही काहीतरी एक ठरव, आणि क्रॉलरला पानं साइटमॅपमधूनच (साइटच्या पानांची तयार यादी) घ्यायला लाव, लिंकमागं लिंक फिरायला लावू नको.

यावरून आठवलं. मागं रावेरकडच्या एका केळी गटाच्या साइटला सर्च लावून देत होतो, साइटमॅप नव्हता म्हणून म्हटलं फिरू दे लिंका पकडत. त्यात रोजच्या भावाचं एक पान होतं, खाली "पुढचा दिवस" अशी लिंक, आणि ती लिंक कधी संपायचीच नाही, उद्याचं पान, परवाचं पान, भाव असो नसो. रात्री जेवून लावलं आणि झोपलो. सकाळी लॉग बघतो तर क्रॉलर २०६१ सालातल्या केळीच्या भावापर्यंत पोचला होता! आणि सर्चमधे 'भाव' टाकलं की वरून पहिले शंभर रिझल्ट, "या दिवसाचे भाव उपलब्ध नाहीत". स्क्रॅपीमधे (हा स्क्रेपर ज्या क्रॉलरवर उभा आहे तो) डेप्थ लिमिट, म्हणजे लिंकमागं लिंक किती खोल जायचं ते, डीफॉल्ट शून्य असते आणि शून्य म्हणजे मर्यादाच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तुझ्या डॉक्समधे भावाची पानं नसतील पण टॅगची पानं, बदलांची यादी, ब्लॉगचं पान दोन-पान तीन हे असणारच, ते पण स्टॉपमधे टाक.

तू म्हणालास वजनकाट्याच्या कंपनीची डॉक्स पण यातच घ्यायचीत. ते दुसऱ्याचं शेत आहे, बांधावरून विचारून जायचं. आधी त्यांची रोबोट्स फाइल वाच, क्रॉलरनं कुठं जायचं नाही ते त्यात लिहिलेलं असतं. ही पद्धत १९९४ ची, मार्टिन कोस्टरनं मांडलेली, पण अधिकृत स्टँडर्ड व्हायला २०२२ उजाडलं, आरएफसी ९३०९ (इंटरनेटच्या नियमांचा कागद). क्रॉल-डिले (दोन रिक्वेस्टमधे थांबायची वेळ) त्या स्टँडर्डमधे नाही, तरी कुणी लिहिला असेल तर पाळायचा, त्यात आपलं काय जातं. स्क्रॅपीला काहीच नाही सांगितलं तर तो एका डोमेनवर एकाच वेळी ८ रिक्वेस्ट मारू शकतो, स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगला तेवढं पण जड जातं. एक-दोनवर आण, मधे सेकंदभर थांबा दे, ४२९ (म्हणजे 'फार रिक्वेस्ट येतायत') आला तर गप बसून नंतर ये, यूजर-एजंटमधे, म्हणजे क्रॉलर स्वतःची ओळख देतो तिथं, ऑफिसचा ईमेल टाक म्हणजे कुणाला राग आला तर सांगायला जागा राहील. आणि स्वतःच्या सर्व्हरवर पण लिलावाच्या वेळेत चालवू नको, एका क्लायंटकडं मी सकाळी दहाला चालवलं होतं, अकराला जे फोन सुरू झाले ते अजून कानात आहेत.

आता पट्टीचं. इथं कॉन्फिगपेक्षा भाषेचीच भानगड जास्त आहे. तुमच्या डॉक्समधे, मी पैजेवर सांगतो, "सेटलमेंट व्हाउचर" लिहिलंय. मार्केटात त्याला पट्टीच म्हणतात, शेतकरी पण आणि अडत्या पण. सिनॉनिम लाव, पट्टी, हिशोबपट्टी, सेटलमेंट व्हाउचर हे सगळं एक. तसंच तोलाई, हमाली, काटा. ही यादी तू खुर्चीत बसून बनवू नको, शून्य रिझल्ट आलेले शब्द लॉग कर आणि महिनाभरानं बघ, लोकच यादी बनवून देतात. पावती आणि पावत्या पण त्यात जोड, आपल्याला ते एकच वाटतं पण इंजिनच्या हिशोबानं 'पावत्या'पासून 'पावती'पर्यंत तीन बदल होतात आणि टायपो टॉलरन्स (स्पेलिंगच्या चुकीला दिलेली सूट) दोनवर थांबतो.

पण खरा घोळ 'शेतकऱ्यांची' या शब्दात आहे, जो तुमच्या सॉफ्टवेअरमधे पानापानावर असेल. हा दोन तऱ्हेनं टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर, मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, इंडेक्समधे मात्र दोन वेगळे शब्द, आणि डॉक्स एकानं एका कीबोर्डवर लिहिलेली, शोधणारा मोबाइलवर दुसऱ्या कीबोर्डवर. नुसतं युनिकोड नॉर्मलायझेशन (एनएफसी, अक्षरं एकाच तऱ्हेनं साठवायची पद्धत) केलं तर जॉइनर जात नाही, आणि सगळे जॉइनर डोळे झाकून उडवले तर 'शेतकऱ्यांची'चं 'शेतकर्यांची' होतं, दऱ्याचा दर्या होतो, डोंगरातून थेट समुद्रात. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी र-हलन्त-जॉइनर जिथं दिसेल तिथं ऱ-हलन्त कर, मग उरलेले जॉइनर, नॉन-जॉइनर, झीरो-विड्थ स्पेस काढ, मग एनएफसी. सात-आठ ओळींचं फंक्शन आहे. ते क्रॉलरमधे घुसवत बसू नको, डॉक्सच्या मार्कडाउन फाइलींवरच बिल्डच्या आधी चालव, आणि तेच फंक्शन सर्च बॉक्समधे लिहिलेल्या शब्दावर पण. दोन्हीकडं पाहिजे, एकीकडं केलं तर अर्धंच जुळतं. आकड्यांचं पण तसंच, स्क्रीनवर एरर नंबर इंग्रजी आकड्यात दिसतो आणि मुनीम ४०२ मराठीत टाइप करतो, तर दोन्हीकडं एकाच तऱ्हेचे करून टाक.

अजून एक बारकं. मराठी शीर्षकाचा अँकर (थेट त्या शीर्षकापाशी नेणारं पत्त्याचं शेपूट) पत्त्यात गेला की एकेका अक्षराची, काना-मात्रेची पण, नऊ-नऊ चिन्हं होतात, व्हॉट्सॲपवर पाठवली की गटारीत पडल्यासारखी दिसते लिंक. डॉक्युसॉरसमधे शीर्षकापुढं महिरपी कंसात हॅश देऊन स्वतःची छोटी आयडी लिहिता येते, ती लिही, मग उद्या शीर्षक बदललं तरी लिंक मोडत नाही.

रोजच्या क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) गरज नाही, बिल्ड डिप्लॉय झाला की स्क्रेपर चालव, बाकी वेळी बदलतंय काय. टाइपसेन्सचा स्क्रेपर नवीन कलेक्शन (रेकॉर्डचा साठा) भरून मग अलायस (सर्च वापरतो ते नाव) तिकडं वळवतो, त्यामुळं मधल्या वेळेत सर्च बंद पडत नाही, पण साइट अर्धी पडलेली असताना चालला तर अर्धंच कलेक्शन जागेवर येईल, म्हणून आधीच्या रेकॉर्डपेक्षा पाचवा हिस्सा जरी कमी झाला तरी तुला मेसेज येईल असं काहीतरी लाव. आणि प्रश्नात तू जो कॉन्फिग चिकटवलायस त्यात फ्रंटएंडला ॲडमिन की दिसतेय भो, ती आजच बदल, तिथं फक्त सर्चची की लागते.

एका पानाचे रेकॉर्ड काढलेस की इथंच टाक. हिशोबानं नेक्स्ट काढून, स्लॅश मिटवून तुझे साधारण साडेसहा हजार राहायला पाहिजेत, जुनं व्हर्जन धरून. त्याच्यापेक्षा फारच जास्त आले तर स्टॉप यूआरएल कुठंतरी चुकलाय, मी बघतो.