कमी खर्चात घरी ग्रॅव्हिटी बाईक: पैसे कुठे वाचवावेत आणि कुठे वाचवू नयेत

जुन्या सायकलीचे भाग वापरून, फारसा खर्च न करता, उताराच्या शर्यतीत उतरवता येईल अशी ग्रॅव्हिटी बाईक, म्हणजे पायडल न मारता केवळ उताराच्या ओढीने धावणारी सायकल, घरी बनवता येईल का, आणि बनवायची झाल्यास सुरुवात कुठून करावी, असा तुमचा प्रश्न आहे. बनवता येते. पायडल, क्रँक, चेन आणि गिअर यांची गरजच नसल्यामुळे सायकलीतला बराचसा महागडा भाग आधीच वजा झालेला असतो. उरलेल्या पैशांची वाटणी कशी करायची एवढाच प्रश्न राहतो, आणि त्यावर माझे मत ठाम आहे: सांगाडा भंगारातला असला तरी चालेल, पण ब्रेक, टायर आणि हेल्मेट यांच्यावर काटकसर करू नये.

मात्र करवत हातात घेण्यापूर्वी, ज्या शर्यतीत उतरायचे आहे तिची नियमावली वाचून काढा. चाकांचा कमाल व्यास, वाहनाचे कमाल वजन, ब्रेकची संख्या आणि बाहेर आलेल्या टोकदार भागांबद्दलच्या अटी आयोजकांप्रमाणे बदलतात, आणि एकदा कापलेली नळी परत पहिल्यासारखी होत नाही.

या खेळात २० इंची चाके रूढ आहेत, त्यामुळे जुन्या बीएमएक्स सायकलीचा, म्हणजे कसरती आणि शर्यतींसाठीच्या छोट्या चाकांच्या सायकलीचा, लोखंडी सांगाडा हा सर्वांत सोयीचा पाया ठरतो. तो बुटका आणि दणकट असतो, आणि त्यावर घरच्या वेल्डिंग यंत्राने काम करता येते. ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका असला तरी तो टाळावा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची त्याची ताकद घटते आणि ती परत आणण्यासाठी लागणारी भट्टी घरी नसते. भंगारातून सांगाडा निवडताना हँडलची उभी नळी जिथे खालच्या तिरक्या नळीला मिळते तो भाग नीट तपासा. तिथे रंगाला रेषेसारखी चीर पडून आतून गंज दिसत असेल, किंवा नळीच्या खालच्या बाजूला सुरकुती आली असेल, तर ती सायकल पूर्वी कुठेतरी समोरून आदळलेली आहे असे समजून ती तिथेच ठेवा.

वेग नेमका कशावर ठरतो, हे बांधणीच्या आधी समजून घेतले तर पुष्कळ खर्च वाचतो. उतारावरून सुटलेले वाहन वेग घेत जाते ते गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि हवेचा अवरोध समसमान होईपर्यंत. ७ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटरला ७ मीटर उतरणारा रस्ता धरा आणि वाहन व चालक मिळून १०० किलो वजन धरा. चालक ताठ बसलेला असताना समोरचे क्षेत्रफळ आणि अवरोधाचा गुणांक (आकार हवेला किती अडतो ते सांगणारा आकडा) यांचा गुणाकार ०.४ चौरस मीटर मानला, आणि टायरचे घर्षण वजनाच्या ०.८ टक्के घेतले, तर वेग ताशी ५७ किलोमीटरच्या आसपास थांबतो. तोच चालक पोटावर झोपल्यासारखा वाकला आणि तो गुणाकार ०.२ वर आला, तर त्याच रस्त्यावर वेग ताशी ८१ किलोमीटरपर्यंत जातो, आणि यासाठी खर्च जवळपास शून्य असतो. आता वाकलेल्या स्थितीतच ३० किलो जादा वजन जोडले, तर वेग ताशी ९२ किलोमीटर होतो. वजनाचा फायदा खरा आहे, पण तो वर्गमुळाच्या हिशेबाने मिळतो. उलट, थांबताना ब्रेकने जिरवायची ऊर्जा वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, कारण वजनही वाढलेले असते आणि वेगाचा वर्गही. वरच्या उदाहरणात ३० टक्के वजनासाठी ब्रेकवर सुमारे ७० टक्के जास्त भार पडतो. म्हणून पहिल्या बांधणीत शिशाच्या किंवा लोखंडाच्या लाद्या जोडूच नयेत, असे मी सुचवेन. आधी शरीर खाली आणा, वजनाचे नंतर पाहता येईल. वजन जोडायची वेळ येईल तेव्हा ते जितके खाली बसवता येईल तितके खाली, आरपार बोल्टने आवळून बसवावे. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले वजन खड्ड्यातल्या एका दणक्याने सुटते आणि चाकात जाते.

यावरूनच ब्रेकचे महत्त्व लक्षात येईल. पायडल उलटे फिरवून लागणारा ब्रेक जुन्या सायकलीत असेल तर तो पायडलबरोबरच निकामी होतो. रिमवर घासणारे ब्रेक छोट्या उतारावर पुरतात, पण २० इंची रिममध्ये धातू कमी असल्याने ती लवकर तापते, आणि लांब उतारावर ती उष्णता ट्यूबपर्यंत पोहोचून टायर फुटण्याचा धोका असतो. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक लावावा तो मुख्यतः या कारणासाठी, कारण डिस्कची उष्णता टायरपासून दूर राहते. इथे एक मोह टाळायला हवा. साध्या फोर्कवर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या दुपायी चिमट्यावर, घरी पट्टी वेल्ड करून कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) बसवू नये. ब्रेक लागताना फोर्कच्या त्या एकाच पायावर, तोही खालच्या टोकाशी, मोठा भार येतो आणि साधा फोर्क त्यासाठी बनवलेला नसतो. डिस्कची जागा मुळातच असलेला २० इंची फोर्क लहान मुलांच्या माउंटन बाईकवर किंवा घडीच्या सायकलींवर मिळतो, आणि तो वापरलेला असला तरी सरळ असेल तर चालतो. शक्यतो स्प्रिंग नसलेला घ्या. कॅलिपर तारेवर चालणारा घेतला तर तो स्वस्त पडतो आणि साध्या पान्याने जुळवता येतो. मागच्या चाकाला रिमवरचा ब्रेक पुरेसा आहे, कारण जोरात थांबताना भार पुढच्या चाकावर जातो. ग्रॅव्हिटी बाईकचा गुरुत्वमध्य खाली असल्याने चालक हँडलवरून फेकला जाण्याचा संभव साध्या सायकलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे पुढचा चांगला ब्रेक खऱ्या अर्थाने वापरता येतो. दोन्ही ब्रेकच्या मुठी आणि तारा स्वतंत्र असाव्यात, आणि नवे पॅड आधी सौम्य उतारावर पुन्हापुन्हा वेग कमी करून बसवून घ्यावेत.

टायर नवे घ्या, नक्षी नसलेले किंवा अगदी कमी नक्षीचे घ्या, आणि हवा त्यांच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच भरा. ट्यूब आणि रिमवरची पट्टीही नवी असावी. आरे सर्वत्र सारखे ताणलेले असावेत आणि चाक आऊट नसावे.

बेअरिंगबद्दल मात्र लोक उगाच वेळ घालवतात. ग्रीस धुऊन पातळ तेल घालणे किंवा महागडे छर्रे आणणे, यांतून मिळणारा फायदा हवेच्या अवरोधापुढे नगण्य आहे. चांगले ग्रीस भरा, कोन आणि वाटी यांत ढिलाईही नको आणि आवळलेपणाही नको, एवढे पाहिले की काम झाले. फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचे चेनचे दातेरी चक्र, काढण्याचीही घाई नाही. चेन नसली की ते चाकाबरोबर आपोआप फिरते आणि काहीच अडवत नाही.

शरीर खाली आणण्यासाठी सीट आणि सीटची दांडी काढून टाकावी लागते. गुडघे टेकण्यासाठी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडचे तुकडे बसवून त्यांवर जाड फोम चिकटवावा, आणि वरच्या नळीवर छातीसाठी गादी करावी. पाय ठेवण्यासाठी मागच्या आसाला बीएमएक्सचे पेग, म्हणजे आसाच्या टोकांवर बसणाऱ्या आखूड नळ्या, लावतात. आस १४ मिलिमीटरचा असेल तर उत्तम, कारण १० मिलिमीटरचा आस या भाराने वाकू शकतो. हे सगळे बसवल्यावर बाईक वळणात झुकेल तितकी झुकवून पाहा. पेग किंवा गुडघ्याचा आधार जमिनीला लागत असेल तर तो वर घ्यावा लागेल, कारण वळणात तो टेकला तर टायरवरचा भार निघतो आणि चाक निसटते.

हँडल खाली घ्यावे, पण फार अरुंद करू नये. वेगात हँडल स्वतःहून डावीकडे-उजवीकडे थरथरू लागते, हा या वाहनाचा सर्वांत भीतिदायक दोष आहे, आणि त्यामागे बहुधा हेडसेटची (हँडलच्या नळीतल्या बेअरिंगची) ढिलाई, हबमधला (चाकाच्या मधल्या तुंब्यातला) खेळ, वाकडे चाक किंवा मागे गेलेले वजन यांपैकी काहीतरी असते. थरथर सुरू झाली तर हँडल घट्ट धरून तिच्याशी झुंजू नये. गुडघ्यांनी सांगाडा आवळावा, वजन पुढे न्यावे, पकड सैल ठेवावी आणि मागचा ब्रेक हळूहळू लावावा.

हवा कापण्यासाठी पुढे लावायचे कवच कोरुगेटेड प्लॅस्टिकच्या शीटचे स्वस्तात होते, परंतु बाजूच्या वाऱ्यात ते बाईक ढकलते. बाईक कवचाविना सरळ आणि शांत चालते याची खात्री होईपर्यंत ते लावू नये.

हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे आणि नवे हवे, कारण जुन्या हेल्मेटने आधी किती मार खाल्ला आहे हे बाहेरून कळत नाही. मोटरसायकलचा चामडी पोशाख, हातमोजे आणि पाठीचे संरक्षक वापरलेले घेतले तरी हरकत नाही, फक्त शिवण उसवलेली नसावी.

पहिली चाचणी वाहतूक पूर्ण बंद असलेल्या, शेवटी सपाट होणाऱ्या किंवा किंचित चढणाऱ्या रस्त्यावरच घ्यावी, आणि ती वेगाची नव्हे तर थांबण्याची असावी. उताराच्या तळापासून थोड्या उंचीवरून सुटा, ठरलेल्या खुणेवर ब्रेक लावा आणि थांबण्याचे अंतर मोजा. ते दर वेळी साधारण सारखे येत असेल तरच सुरुवातीची जागा थोडी वर न्या. ते वाढत चालले असेल तर ब्रेक तापत आहे, आणि तो थंड होईपर्यंत पुढची फेरी घेऊ नका. प्रत्येक फेरीनंतर आसाचे नट, हँडलचा क्लॅम्प आणि कॅलिपरचे बोल्ट पान्याने तपासा, आणि प्रत्येक वेल्डवरून नजर फिरवा, कारण तडा गेला असेल तर रंगावर आधी बारीक रेषच दिसते.