नीतिमत्त्वाचे उरस्त्राण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. मण्यांत पाणी उतरले होते, व्यापाऱ्याशी भावाचे बोलणे झाले होते, आणि एका संध्याकाळी वीस मिनिटांच्या गारपिटीने सगळे घड झोडपून काढले. मी फवारणीच्या नोंदवहीत कधी खोटे लिहिले नाही, मजुरांचे पैसे कधी थकवले नाहीत, मंडळीला, म्हणजे चर्चला, दशांश देतो. आमच्या शेजाऱ्याचे या तिन्ही बाबतींत उलटे आहे आणि त्याची बाग वाचली. बायबलमध्ये पौलाच्या नावाने असलेल्या इफिसकरांस पत्रात देवाची शस्त्रसामग्री धारण करा, असे सांगितले आहे (अध्याय 6). मग तिच्यातील ‘नीतिमत्त्वाचे उरस्त्राण’, म्हणजे छातीवरचे चिलखत, नेमके कशापासून रक्षण करते?

उत्तर : आपले नुकसान मोठे आहे, आणि अशा वेळी घाईने एखादे वचन चिकटवून मोकळे होणे हा आम्हा पाळकांचा जुना दोष आहे, म्हणून त्या पत्रात काय म्हटलेले नाही, ते आधी सांगतो. नीतिमान माणसाच्या शेतावर गारा पडणार नाहीत, असे तेथे म्हटलेले नाही. येशूने तर डोंगरावरील प्रवचनात सांगितले की, पिता नीतिमान आणि अनीतिमान अशा दोघांवरही पाऊस पाडतो (मत्तय 5:45). हे वचन आपण देवाच्या उदारपणाचा दाखला म्हणून वाचतो. तोच पाऊस काढणीच्या तोंडावरही येतो, हे द्राक्षबागाइतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक दोषी होती काय, हा प्रश्न येशूने स्वतःच काढला आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे दिले (लूक 13:4-5). आपल्याकडे पुष्कळ घरांत भिंतीवर एक्याण्णवावे स्तोत्र लावलेले असते. परंतु मंदिराच्या माथ्यावर उभे करून ‘खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील’ असे सांगताना सैतानाने त्याच स्तोत्राचा आधार घेतला होता, आणि येशूने ती परीक्षा नाकारली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

मग रक्षण कशापासून? त्या उताऱ्यात युद्ध रक्तमांसाशी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. मूळ इब्री भाषेत ‘सैतान’ म्हणजे विरोध करणारा, न्यायसभेत आरोप ठेवणारा. त्याचा घाव आरोपाचा असतो आणि तो काळजावर बसतो. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात त्या नीतिमान माणसाची गुरेढोरे गेली, मुले गेली, पुढे शरीरही फोडांनी भरले. मात्र त्या पुस्तकाचा फार मोठा भाग ज्या झुंजीने व्यापला आहे, ती झुंज त्यानंतर सांत्वनाला आलेल्या मित्रांशी आहे, कारण ‘तू काहीतरी केले असशील’ हेच ते निरनिराळ्या शब्दांत सांगत राहिले. आपल्या गावातही कोणी तसे म्हणाले असेल. आपल्या पत्रात मला असे दोन बाण दिसतात. ‘देवाने मला टाकले’ हा पहिला, आणि ‘सरळ वागून काय मिळाले, पुढच्या हंगामात मीही नोंदवहीत हवे ते लिहीन’ हा दुसरा. उरस्त्राण आहे ते या दोन्हींसाठी. गारपीट थांबवणे हे त्याचे काम नव्हेच. त्यासाठी बागेवर जाळी टाकावी, पीकविमा उतरवावा, पंचनामा वेळेत करून घ्यावा. यात विश्वासाची काही उणीव नाही.

शेजाऱ्याची बाग का वाचली, याचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते असते त्यांच्यापासून मी थोडा दूरच राहतो.

प्रश्न : हे नीतिमत्त्व माझे स्वतःचे की ख्रिस्ताचे? माझे असेल तर ते चिलखत भोकांनी भरलेले आहे. सासूबाई वारल्या त्याआधी दोन वर्षे मी त्यांच्याशी बोलले नव्हते. (शरणपूर रोड, नाशिक)

उत्तर : ‘नीतिमत्त्व’ या आपल्या शब्दात ‘नीती’ असल्यामुळे चांगल्या वर्तणुकीचा जमाखर्च लगेच डोळ्यांपुढे उभा राहतो. इब्री ‘सदाका’ हा शब्द त्याहून मोठा आहे; न्यायाने वागणे आणि नाते शेवटपर्यंत निभावणे, हे दोन्ही त्यात येते. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातील एकोणसाठाव्या अध्यायात चौकात सत्य अडखळून पडले आहे, न्याय मागे हटला आहे, आणि मध्ये पडणारा कोणीही नाही, हे पाहून परमेश्वर स्वतःच नीतिमत्त्वाचे उरस्त्राण अंगावर चढवतो. इफिसकरांस पत्रातील चिलखत ते हेच. ते आधी देवाने घातले आणि मग आपल्याला दिले. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात प्रमुख याजक यहोशवा मळकट वस्त्रांत उभा आहे आणि त्याच्या उजव्या हाताला आरोप करणारा सैतान उभा आहे. त्या आरोपाला यहोशवा काहीही उत्तर देत नाही. परमेश्वर सैतानाला धमकावतो आणि यहोशवाची वस्त्रे बदलण्याची आज्ञा होते.

हे नीतिमत्त्व आपल्या खाती केवळ मोजले जाते की आपल्यात ओतले जाऊन वाढत जाते, यावर लूथरपंथीय आणि कॅथलिक यांनी शतकानुशतके वाद घातला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणेवर सह्या करून त्यातील मुख्य मुद्द्यावर मतैक्य जाहीर केले. तारण कृपेने मिळते, आपल्या पुण्याईने नाही, हे दोघांनाही मान्य आहे. आपण ज्या वस्तीच्या नावाच्या रस्त्यावर राहता, ती शरणपूरची वस्ती 19व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवली. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलेही तेथे शिकली. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मरण पावलेला शोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शवाबरोबर 1874 मध्ये इंग्लंडपर्यंत गेला. शरण आलेल्याची लायकी आधी तपासायची नसते, हे त्या वस्तीच्या नावातच आहे. सासूबाईंशी आता बोलता येणार नाही. पण त्यांच्या मुलीशी, म्हणजे आपल्या नणंदेशी, बोलता येईल. दिलेले वस्त्र अंगात घालायचे असते, ते असे.

प्रश्न : मी सैन्यातून निवृत्त झालो आहे. या शस्त्रसामग्रीत पाठीसाठी काहीच नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाने पाठ दाखवू नये, असे प्रवचनात नेहमी ऐकतो. हे बरोबर आहे का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : प्रवचन म्हणून चांगले आहे, इतिहास म्हणून नाही. रोमी सैनिकाचे चिलखत, मग ते साखळ्यांचे असो वा पट्ट्यांचे, छातीबरोबर पाठही झाकत असे, आणि पत्रात पाठीचा उल्लेखच नाही. चिलखतातील उणी जागा दाखवायची असेल, तर इस्राएलच्या अहाब राजाचे उदाहरण अधिक नेमके आहे : तो वेष पालटून लढाईत उतरला आणि कोणा एकाने सहज सोडलेला बाण त्याच्या चिलखताच्या सांध्यात घुसला (1 राजे 22:34). उरस्त्राणाच्या आधी सत्याचा कमरपट्टा का सांगितला आहे, हे वेष पालटलेल्या त्या राजावरून कळते. राहिला पाठीचा प्रश्न. रोममध्ये पौलावर एका शिपायाचा पहारा होता (प्रे. कृत्ये 28:16), आणि इफिसकरांस पत्र लिहिणारा स्वतःला बेड्या पडलेला वकील, म्हणजे राजदूत, म्हणवतो; चिलखत मागून कसे दिसते, हे त्याने दिवसातून अनेकदा पाहिले असणार.