वाचकांचे प्रश्न: चॉकच्या माळावर पक्षी मोजायचे कसे?

प्रश्न: दादा, मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे आता इंग्लंडात ब्रायटनजवळ असते. इथल्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेसाठी, म्हणजे विणीच्या हंगामातल्या पक्षीगणनेसाठी, मला साऊथ डाउन्स या टेकड्यांमधला एक किलोमीटरचा चौकोन मिळालाय, सगळा चॉकचा (पांढऱ्या मऊ चुनखडकाचा) माळ आणि मधेमधे हॉथॉर्नची काटेरी झुडपं. डोक्यावर गाणारा स्कायलार्क फॉर्मवर ‘उडणाऱ्यां’त धरायचा का? आवाज फारसे ओळखता येत नाहीत, मोबाईलचं अ‍ॅप चालेल? आणि शेजारी म्हणतात झुडपं वाढली की माळ गेलाच, मग त्यात वेळ कशाला घालवायचा?

उत्तर: स्कायलार्कचं आधी, कारण तिथे भलेभले अडकतात. वर एका जागी गात राहिलेला हा चंडोल उडणाऱ्यांत नाही धरायचा, त्याच्या बरोबर खालची जमीन तुमच्या चालायच्या रेषेपासून किती लांब आहे ते बघायचं आणि त्या पट्ट्यात लिहायचा, म्हणजे २५ मीटरच्या आत, २५ ते १०० किंवा त्यापुढे. हवेत थांबून फडफडणाऱ्या केस्ट्रेलचंही (हा छोटा ससाणा) तेच. नुसते वरून निघून गेलेले सीगल-कावळे मात्र उडणाऱ्यांत. अंतर पक्षी पहिल्यांदा कळला तेव्हाचं, आणि मोजायचे फक्त प्रौढ पक्षी, पिल्लं नाही.

फेऱ्या दोन, पहिली एप्रिल ते मध्य मे, दुसरी मध्य मे ते जूनअखेर, मधे किमान चार आठवडे, आणि सकाळी सहा-सातच्या दरम्यान सुरुवात. जोराचा वारा असेल तर सरळ दुसरा दिवस बघा, उघड्या माळावर काही ऐकूच येत नाही.

अ‍ॅप शिकायला झकास आहे पण स्क्रीनवर नाव आलं म्हणून फॉर्मवर लिहू नका, स्वतःची खात्री पटली तरच लिहा. एप्रिलच्या आधी चारपाच आवाज पक्के करा, तेवढ्यावर बरंच काम भागतं. झुडपातून वर उसळून खरखरीत गाणारा व्हाईटथ्रोट, आणि आत लपून एकाच सुरात कोरडं खडखडणारा लेसर व्हाईटथ्रोट, हे दोन नवख्यांना फार छळतात. लेसर व्हाईटथ्रोट हिवाळ्यात आपल्याकडच्या बाभळींतही असतो बरं का, फक्त ते मध्य आणि उत्तर आशियातून येतात, तुमच्याकडचे पूर्व आफ्रिकेत जातात.

शेजाऱ्यांचं अर्धं खरं आहे. मेंढ्या कमी झाल्या, त्यात १९५३ मधे मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग येऊन ससे धडाधड मेले, चरणारं कोणी उरलं नाही आणि कितीतरी उतार झुडपांनी गिळले. पण लिनेट, यलोहॅमर, व्हाईटथ्रोट या छोट्या पक्ष्यांची घरटी तिथेच असतात हो! सगळं साफ केलं तर स्कायलार्क खूश होईल आणि बाकीचे जातील, म्हणून माझ्या मते सरसकट तोडणंही चूक आणि सोडून देणंही. कुठे काय तोडायचं हे ठरवताना असेच आकडे कामी येतात, तेव्हा झुडपात कान द्याच, आणि चालायच्या रेषेचे जे २०० मीटरचे तुकडे पाडलेले असतात, त्यातला रिकामा गेलेला तुकडाही रिकामा म्हणूनच नोंदवा, रेषा वाकवून पक्ष्यांकडे जाऊ नका.

माळावरची फुलपाखरंही बघायची असतील तर ती सहाला उठत नाहीत, त्यांच्यासाठी उन्हात अकराच्या सुमारास परत जा. मेमधे काउस्लिप या पिवळ्या रानफुलाजवळ ड्यूक ऑफ बर्गंडी शोधा, आणि हॉर्सशू व्हेच ही वनस्पती जिथे असेल तिथे अ‍ॅडोनिस ब्लू, तिच्या अळ्या दुसरं काही खातच नाहीत. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै लोकांना फिरायला खुल्या असलेल्या माळांवर जास्तीत जास्त दोन मीटरच्या दोरीने बांधून ठेवायचा कायदाच आहे, पण सर्व्हेला तो घरीच राहू द्या.