बाळंतपण सांगलीला की जर्मनीत? विश्रामबागेतल्या ताईला माझं लांबलचक उत्तर

ताई, तुझा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, जर्मनीत स्टुटगार्टला पुढे गेलेत, तू विश्रामबागेत सासरी, चौथा महिना संपत आलाय, माहेर कराडचं, आणि आता आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरीच आणि सासूबाई म्हणतात नवऱ्याजवळ जा. तिकडे गेले तर घराची आणि बाकीची तयारी काय काय करावी लागेल असं विचारलंयस. मी पण सांगलीचीच, गावभागातली, २०१९ पासून स्टुटगार्टजवळ आहे, माझी मुलगी नोव्हेंबर २०२२ ला इथेच झाली. तुला तू म्हणते, चालेल ना.

पहिलं सांगते ते हे की बाळंतपण कुठे हा प्रश्न जरा बाजूला ठेव आणि बाळ झाल्यावर पहिले तीन महिने रात्री तीन वाजता तुझ्याजवळ कोण असेल ते आधी ठरव. डॉक्टर दोन्हीकडे चांगले आहेत, आपल्या मिरजेला तर लांबलांबून लोक येतात. पण माझ्या ओळखीतल्या एकीने भारतात बाळंतपण केलं, सगळं छान झालं, मग बाळाचा जन्मदाखला, त्यावर पासपोर्ट, मग व्हिसाची अपॉइंटमेंट, मग वाट बघणं, आणि नवऱ्याला रजा मिळाली तेवढीच मिळाली, तो परत जर्मनीला आला. बापाने लेकराला रोज मांडीवर घ्यायला सुरुवात केली तेव्हा ते पालथं पडायला लागलं होतं. ती दोघं अजून त्याबद्दल बोलतात. म्हणून माझं मत विचारशील तर ये, पण तयारी करून ये. उशिरा आणि घाईत येऊ नकोस.

कधी यायचं ते बघ. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी, ती अॅनोमली स्कॅन म्हणतात ती, तुझ्या सांगलीच्या डॉक्टरकडे करूनच नीघ, फाइल हातातल्या बॅगेत ठेव, इंग्रजी रिपोर्ट इथे डॉक्टर वाचतात. बहुतेक विमान कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरचं पत्र मागतात आणि ३६ नंतर घेतच नाहीत, पण तेवढं ताणायचंच नाही, २४च्या आत ये म्हणजे इथला डॉक्टर मिळायला, दवाखाना बघायला वेळ राहतो. कडेची सीट घे, दर तासाला उठून चाल, पायात ते घट्ट मोजे घाल. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही, पण थोडं शीक, कळांच्या वेळी नर्स काय म्हणते ते कळलेलं बरं.

आता कागद. इथे मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला म्हणून जरा थांबून सांगते. बाळाचा जन्म नोंदवायला इथल्या नोंदणी कार्यालयात आईबापाचे दोघांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पासपोर्ट आणि त्या सगळ्याची अधिकृत भाषांतरं लागतात. आता माझा जन्मदाखला आम्ही आयुष्यात कधी नीट बघितलाच नव्हता, शाळेचा दाखला चालायचा ना सगळीकडे. काढून बघितला तर तारीख आहे, वडिलांचं नाव आहे, आईचं नाव आहे, आणि माझ्या नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. बारसं व्हायच्या आधी नोंद झाली आणि नंतर नाव घालायला कोणी गेलंच नाही. भाऊ त्या कार्यालयात किती वेळा जाऊन आला, कधी साहेब नाहीत, कधी जुनं रजिस्टर सापडत नाही. इकडे मुलगी जन्मलेली आणि तिचा दाखला अडकलेला, दाखला नाही म्हणून पासपोर्ट नाही, सरकारी पैसे नाहीत, काहीच नाही. तीन महिने गेले. तर तू आजच्या आज कपाट उघड आणि तुमचे दोघांचे दाखले बघ. नाव आहे का, स्पेलिंग पासपोर्टशी जुळतं का, लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव कुठे कुठे वेगळं आहे. लग्न कार्यालयात झालं आणि नोंदणी राहिली असं आपल्याकडे किती जणांचं असतं, ती करून घे, दाखला इंग्रजीतही घे. हे काम तू सांगलीत असेपर्यंत चार चकरांत होईल, इथून एका कॉमासाठी जीव जातो.

बाळ इथे जन्मलं म्हणून जर्मन होत नाही हे पण घरच्यांना सांग, लोकांचा फार गैरसमज असतो. आईबापापैकी एकजण इथे कायदेशीरपणे ५ वर्षं राहिलेला आणि कायमच्या परवान्यावर असला तरच ते नागरिकत्व मिळतं. तुमचं बाळ भारतीयच, आणि त्यासाठी जन्म एका वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत नोंदवायचा. मग पासपोर्ट, मग बाळाचा इथला राहण्याचा परवाना.

आरोग्य विमा. मिस्टरांना आज फोन करून विचार की सरकारी पद्धतीचा घेतलाय की खाजगी. इथे पगार ठराविक रकमेच्या वर गेला की खाजगी घेता येतो आणि एजंट नवीन माणसाच्या मागे लागतात, एकट्याला तो स्वस्त पडतो. पण सरकारी विम्यात कमाई नसलेली बायको आणि पोरं त्याच हप्त्यात बसतात, एक पैसा जास्त नाही. खाजगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा आणि आधीच दिवस गेलेले असतील तर तुला घ्यायला ते खळखळ करतात. अजून ठरवायचं असेल तर डोळे झाकून सरकारी.

आता हेबामे. हा शब्द पाठच कर. म्हणजे सुईण, पण रीतसर शिकलेली, परवाना असलेली, आणि ती बाळंतपणानंतर तुझ्या घरी येते. पहिले १० दिवस रोज, आणि नंतर १२ आठवड्यांपर्यंत आणखी १६ वेळा, हे सगळं विम्यात. पण मिळायला फार मारामार, बायका चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात फोन लावतात. मी सहाव्या महिन्यात शोधायला लागले, वीसच्या वर फोन केले, शेवटी एक मिळाली, पन्नाशीची, सायकलवर यायची. तिच्या पिशवीत एक हातात धरायचा काटा होता, आपल्याकडे भंगारवाल्याकडे ताणकाटा असतो बघ तसा, त्याच्या आकड्याला कापडाची झोळी अडकवायची, बाळ त्यात ठेवायचं आणि उचलायचं. पहिल्यांदा तिने उचललं तेव्हा माझी आई किंचाळलीच होती, तर ती शांतपणे हसली आणि आईचा हात धरून तिच्याच हातात काटा दिला. त्यानंतर रोज आईच वजन करायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मला दूध कमी येतंय म्हणून मी रडत होते तेव्हा त्या दोघींनीच मला सांभाळलं.

घराचं सांगते. इथे भाड्याचं घर बरेचदा नुसतं भिंतींसकट मिळतं, स्वयंपाकाचा ओटा नाही, कपाटं नाहीत, छताला नुसत्या वायरी लोंबतात. ओटा बसवायला दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून मिस्टर आत्ता घर बघत असतील तर आधीच्या भाडेकरूचा ओटा विकत घेता येतो का ते बघायला सांग. लिफ्ट नसली तर दुसऱ्या मजल्याच्या वर नको, बाबागाडी आणि बाळ दोन्ही घेऊन जिना चढणं सिझेरियन झालेल्या बाईला जमत नाही. गाडी जिन्याखाली ठेवू देतात का हे घरमालकाला आधीच विचारायचं. आणि स्टुटगार्टकडे जिना आळीपाळीने झाडायचा-पुसायचा आठवडा असतो, केरवोखे म्हणतात, बाळंतपणाच्या सुमारास तुमची पाळी येत असेल तर शेजारणीला आधी सांगून बदलून घ्या, ते लोक आनंदाने घेतात, न सांगता चुकवलं तर मात्र मनात धरतात.

सामान नवीन फार घेऊ नका. वसंतात आणि शरदात चर्चच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलांच्या वापरलेल्या कपड्यांचे बाजार भरतात, धुऊन इस्त्री केलेले कपडे एक-दोन युरोला. कपड्यांचा नंबर म्हणजे बाळाची सेंटिमीटरमधली लांबी, ५० आणि ५६ चे थोडेच घे, ६२ चे जास्त. फक्त गाडीतली बाळाची सीट वापरलेली घेऊ नकोस, अपघात झालेली आहे का कळत नाही, आणि दवाखान्यातून गाडीने घरी न्यायचं तर ती लागतेच. झोपायला बाळाला इथे पांघरूण घालत नाहीत, उशी नाही, मोहरीची उशी तर नाहीच, उताणं झोपवायचं आणि अंगात झोपायची पिशवी. खोली १६ ते १८ डिग्री. हे ऐकून सासूबाईंना वाटेल पोरगं गारठणार. मी पण भांडले होते हेबामेशी, पण पहिल्या वर्षात झोपेत बाळ दगावण्याचा धोका याने कमी होतो म्हणून हे नियम आहेत, इथे आपण ऐकायचं. आईने जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून आणल्या होत्या, त्या आम्ही जमिनीवर अंथरल्या, मुलगी त्यावरच पालथी पडायला शिकली. लंगोट मात्र मऊ धुवट कापडाचे भरपूर आण, दूध पुसायला, खांद्यावर टाकायला, अंगाखाली घालायला, अशा सुती कापडाला इथे चांगले पैसे पडतात.

आईला बोलवायचं गणित मी चुकवलं, तू चुकवू नकोस. आईबापाला शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपात थोडे दिवस येण्याच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं. मला भीती वाटत होती म्हणून आईला तारखेच्या चार आठवडे आधीच आणलं, आणि मुलगी झाली तारीख उलटून ९ दिवसांनी. ३७ दिवस असेच गेले, मुलगी जेमतेम साडेसात आठवड्यांची असताना आई निघाली. जानेवारीचा महिना, संध्याकाळी लवकरच बाहेर अंधार, नवरा ऑफिसला. सासूबाईंचा व्हिसा अजून यायचा होता. ते तीन आठवडे मी पुन्हा जगणार नाही. हेबामेच्या लक्षात आलं, तिनेच डॉक्टरांकडे पाठवलं, बाळंतपणानंतरचं नैराश्य होतं, उपचाराने बरं वाटलं. तुला असं काही वाटलं तर दिवस लहान आहेत, थंडी आहे, असं म्हणून गप्प बसू नकोस. तर आईला तारखेच्या फार तर दहा दिवस आधी आण, सासूबाईंना आई जायच्या आठवडाभर आधी, आणि दोघींचे अर्ज सहा महिने आधीपासून करता येतात तेव्हा लगेच करा. दोघींच्या आधी नवऱ्याची रजा ठरवा. बापालाही इथे पालक रजेचा हक्क आहे, मात्र ऑफिसला ७ आठवडे आधी कळवावं लागतं. त्या काळात सरकार पगाराच्या साधारण ६५ टक्के देतं, महिन्याला कमीत कमी ३०० आणि जास्तीत जास्त १८०० युरो, नोकरी नसलेल्या आईलाही ३०० मिळतात. अर्ज बाळ झाल्यावर लगेच टाकायचा कारण मागचे फक्त ३ महिने धरतात. बाळाचे वेगळे येतात, २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो.

दवाखान्यात नवरा कळांच्या खोलीत शेवटपर्यंत बरोबर असतो. आपल्याकडे बिचारे बाहेर बाकड्यावर बसतात. माझ्या नवऱ्याने नाळ कापली. जेवणाचं मात्र सांगून ठेवते, संध्याकाळी गार पाव, चीज आणि काकडी, तेही सहा वाजता. अळिवाची खीर थर्मासमध्ये भरून आणायचं काम त्याच्याकडे दे.

आणायचं काय, तर डिंक, अळीव, खारीक पूड, सुंठ, बाळंतशोपा, ओवा, सांगलीची हळद. तूप आणू नकोस, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे, इथलं लोणी कढवून तूप एक नंबर होतं, लाडू आई इथेच वळेल. धुरी मात्र नको. आमच्याकडे आईने वाटीत निखारा करून ओवा टाकला आणि छताचा धुराचा अलार्म वाजला, तो इथे प्रत्येक झोपायच्या खोलीत असतोच, शेजारचे म्हातारे काका धावत आले, बाळ दचकून निळंजांभळं होईपर्यंत रडलं. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते. घुटी, मध, काजळ हे पण नाही, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही. व्हिटॅमिन डी रोज देतात. बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, इथे देत नाहीत, उन्हाळ्यात सांगलीला जायचं ठरलं तर बालरोगतज्ज्ञाला तसं आधी सांग.

डोहाळजेवण कराडला करूनच ये, सातव्याची वाट बघू नकोस, पाचव्यात केलं तरी चालतं, फोटो खूप काढ.

आणि हेबामेचं तू यायची वाट बघायची नाही, ते मिस्टरांनी उद्या सकाळी सुरू करायचं. फोनवर एवढंच म्हणायचं, इश झूखे आयने हेबामे, म्हणजे मी हेबामे शोधतोय, मग बाळंतपणाची तारीख सांगायची, आणि तुमच्या घराचा पिनकोड, कारण त्या सायकलवर जेवढं जाता येतं तेवढ्याच भागातल्या बायका घेतात. नाही म्हणाली तर दुसरं कोणी आहे का विचारायचं. मला माझी तशीच मिळाली.