क्यू असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द, आणि आजोबांचा पडजिभेतला क

तुम्ही विचारलंय की मुलीच्या शब्दखेळासाठी क्यू हे अक्षर असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द अर्थासह हवेत, आणि क्यूच्या मागे यू नसलेले शब्द असतात का. असतात. त्यातले बरेचसे तुमच्या मुलीला येतातही, फक्त ते इंग्रजी कोशात जाऊन बसलेत हे तिला कुणी सांगितलेलं नसेल. मी परभणी जिल्ह्यात बरीच वर्षं इंग्रजी शिकवतोय. हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतो आणि मला फार आवडतो.

आधी यूवाले. जुन्या इंग्रजीत राणीला 'क्वेन' म्हणत आणि ते सी-डब्ल्यू-ई-एन असं लिहीत. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, लिहिणारे फ्रेंच वळणाचे आले आणि हळूहळू सी-डब्ल्यूच्या जागी क्यू-यू रुळलं. क्वीन तशी झाली, क्विकही तसाच. क्विक म्हणजे आज झटपट, पण मूळ अर्थ जिवंत. नखाखालच्या हुळहुळ्या मांसाला इंग्रजीत अजूनही 'द क्विक' म्हणतात. आपण त्यालाच जिव्हाळी म्हणतो! दोन्ही भाषांना त्या एवढ्याशा जागेत जीवच दिसला. हे सांगितलं की पोरं आपापली नखं बघायला लागतात आणि शब्द कायमचा बसतो.

खेळासाठी एवढं ध्यानात ठेवायला सांगा: क्यू-यूनंतर जवळपास नेहमीच स्वर येतो. ए आला तर क्वेक, म्हणजे हादरणं. अर्थक्वेकमधला क्वेक तो हाच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला काय झालं हे आमच्याकडे घराघरात सांगितलं जातं, त्यामुळे या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागत नाही. क्वॅक म्हणजे बदकाचा आवाज, आणि भोंदू डॉक्टरही. क्वेल म्हणजे लाव्हा पक्षी. क्वॉश म्हणजे आदेश किंवा गुन्हा रद्द ठरवणं. 'खंडपीठाने गुन्हा रद्द केला' अशी बातमी आपण वाचतो, ते इंग्रजी पेपरात क्वॉश असतं. क्वाम म्हणजे मनाला लागलेली टोचणी, त्यातला एल लिहायचा पण बोलायचा नाही.

ई आला तर क्वेरी, क्वेस्ट आणि क्यू. क्वेरी सगळ्यांना माहीत आहे, बिलावर क्वेरी निघाली की ते परत येतं. क्वेस्ट म्हणजे दीर्घ शोध. क्यू म्हणजे रांग, स्पेलिंग क्यू-यू-ई-यू-ई. अक्षराचं नाव आणि शब्दाचा उच्चार एकच, मागची चारही अक्षरं गप्प. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ शेपूट. रेशन दुकानापुढची रांग डोळ्यासमोर आणा, शेपूटच दिसेल.

आय आला तर क्विल्ट. कोशात 'रजई' असा अर्थ मिळेल, पण मी वर्गात वाकळ सांगतो. थरावर थर घालून, आरपार टाके मारून शिवलेलं पांघरूण म्हणजे क्विल्ट, आणि जुन्या लुगड्यांची वाकळ अशीच शिवतात. क्वायेट आणि क्वाइट यांत मात्र हुशार मुलंही चुकतात: शेवटी ई-टी असेल तर शांत, टी-ई असेल तर बऱ्यापैकी. ओ आला तर कोटा आणि कोट, म्हणजे वाटा आणि अवतरण देणं.

क्यू पहिलाच असतो असंही नाही. स्क्वॉड म्हणजे पथक, बारावीच्या परीक्षेला येतं ते भरारी पथक म्हणजे फ्लाइंग स्क्वॉड. स्क्वॉट म्हणजे उकिडवं बसणं. ईक्वल समान, इक्विप सज्ज करणं. पीक, स्पेलिंग पी-आय-क्यू-यू-ई, म्हणजे मान दुखावल्याचा राग. शेतातल्या पिकाशी त्याचा संबंध नाही.

आता यू नसलेले. माझे आजोबा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तरी पुढे कितीतरी वर्षं गावातले लोक जमिनीचे जुने उर्दू कागद त्यांच्याकडूनच वाचून घेत. त्यांनी मला शिकवलं की उर्दूत क दोन आहेत. एक काफ, आपल्यासारखा. दुसरा क़ाफ, तो थेट पडजिभेपासून काढायचा. कबूल, कर्ज, किल्ला, कसबा, तालुका, हक्क, कुलूप, हे सगळे त्या दुसऱ्या क चे. मराठीने दोन्हींना एकच क दिला. इंग्रजीने त्या खोल क साठी बऱ्याचदा क्यू वापरला, आणि अरबी अक्षराला मागे यूची गरज नव्हती. म्हणून फकीर, तलाक, नकाब, बुरखा हे आपल्या बोलण्यातले शब्द इंग्रजी कोशात क्यू घेऊन बसलेत. स्पेलिंग अनुक्रमे एफ-ए-क्यू-आय-आर, टी-ए-एल-ए-क्यू, एन-आय-क्यू-ए-बी आणि बी-यू-आर-क्यू-ए. बुरख्यात यू आहे, पण क्यूच्या आधी. फकीर आणि बुरखा के घालूनही लिहितात, दोन्ही बरोबर.

माझा सगळ्यात लाडका शब्द कनात, क्यू-ए-एन-ए-टी. तंबूची कनात वेगळी. ही म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी विहीर खोदून तिचं पाणी जमिनीखालच्या हलक्या उताराच्या बोगद्यातून गावात आणायची पद्धत. पंप नाही, मोट नाही, सगळं काम उताराचं. मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, आणि शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी काढली ती याच जातीची. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या मुलांना हा शब्द मी नुसता अर्थ सांगून सोडत नाही, फळ्यावर डोंगर, विहीर आणि बोगदा काढून दाखवतो. जमलं तर मुलीला एकदा पाणचक्की दाखवून आणा, तिथेही पाणी नहरीनेच येतं.

स्क्रॅबल खेळत असाल तर त्यात क्यू एकच असतो, दहा गुणांचा, आणि यू चार. चारही यू पटावर लागून गेले आणि क्यू तिच्या हातात अडकला, तर तिला आधी कनात आठवायला सांगा. त्याला ए दोन लागतात, तेवढे राखून ठेवायचे.